हटवलेला मलबा जागेवर परत पाडून ठेवण्याबाबत

एक पिवळी जेसीबी. डाव्या बाजूचा आरसा नाही. पुढच्या दातांवर वाळलेले कुंकू.

शाळेच्या खिडकीच्या गजाला बांधलेली शेळी.

भिंतीचा पोपडा, तळहाताएवढा. एका अंगाने निळा, दुसऱ्या अंगाने भुसा.

"काम झाल्यावर तेथे कधी काही होते असे वाटणार नाही."

संत्र्यांच्या रिकाम्या क्रेट. त्यांवर खडूने बायकांची नावे.

पांढरा शर्ट. पाठीवर निळसर डाग, दोनदा धुऊनही न गेलेला.

रिक्त भूखंड.

मोकळ्या मैदानात एक खाट, खाटेवर छत्री, छत्रीखाली एक म्हातारी.

(वरील बाबी एकाच प्रकरणातील आहेत. खुलासा पुढीलप्रमाणे.)

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
आपदा राहत व मलबा निवारण कक्ष,
सौंसर, जिल्हा पांढुर्णा (म. प्र.)

अर्जदार: मोरेश्वर यशवंतराव सांबारे, मलबा, मुरूम व माती वाहतूक ठेकेदार, रा. पांढुर्णा.

विषय: कुंभारटोली येथून हटवलेला घरांचा मलबा सोमवारच्या तपासणीपूर्वी मूळ जागी, जसा पडला होता तसा, परत पाडून ठेवण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचे क्षमता-पत्रक. २) आपल्या कक्षाचे शाबासकीचे पत्र. ३) आपल्या कक्षाचे नकाराचे पत्र. ४) जयवंताबाई, कुंभारटोली. (या संदर्भास जावक क्रमांक नाही.)

महोदया,

१. हा अर्ज मराठीत आहे. यापूर्वीचे अर्ज अर्जदाराने हिंदीत दिले, कारण कचेरीचे काम हिंदीत चालते हे त्यास ठाऊक आहे आणि टायपिंगवाल्या अंकुशकडे तयार नमुनाही असतो. पण त्या नमुन्यात 'सविनय निवेदन' आणि 'अतः' यांच्यामध्ये जेवढी जागा सोडलेली असते, तेवढ्या जागेत ही हकीगत मावली नाही. परवा अर्जदार आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसला असता आपण आपल्या आईंशी फोनवर बोलत होतात ते त्याच्या कानी पडले. "आई, जेवलीस का? गुडघ्याला तेल लाव," एवढेच ऐकले आणि तो उठून नळावर गेला. ऐकल्याबद्दल क्षमा असावी. पण ज्या अधिकाऱ्यांची आई मराठीत जेवते त्यांना हे मराठीत सांगता येईल, असे नळावर तोंड धुताना त्याच्या मनात आले.

२. अर्जदाराजवळ एक जेसीबी, दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि रवींद्र नावाचा ऑपरेटर आहे. पांढुर्णा, सौंसर, मोहगाव, बोरगाव या पट्ट्यात कुठे झाड आडवे झाले, जिनिंगचा पत्रा उडाला, विहीर ढासळली, की लोक त्याला हाक मारतात आणि तो जातो. उन्हाळ्यात आपल्या कक्षाने ठेकेदारांची सूची करायची म्हणून प्रत्येकाकडून क्षमता-पत्रक मागवले. आपली क्षमता कागदावर कशी लिहितात हे अर्जदारास माहीत नव्हते. त्याची भाची केतकी नागपूरला शिकते. तिने फोनवर कुठलेकुठले वाचून, सुंदर भाषेत लिहून पाठवले: (अ) कोणत्याही आपदेनंतर सूचना मिळताच हजर. (आ) एका दिवसात स्थळ मोकळे. (इ) माती, विटा, लाकूड, पत्रा, कोणताही मलबा वर्ज्य नाही. (ई) काम झाल्यावर तेथे कधी काही होते असे वाटणार नाही.

अर्जदाराने ते घरात मोठ्याने वाचून दाखवले. त्याची पत्नी सौ. छाया चुलीपुढून म्हणाली, "एवढं सारं येते तुमाले? मंग माह्या न्हाणीची मोरी तेवढी मोकळी करा. चार दिवसांची तुंबून राहिली." मोरी त्याच दिवशी मोकळी करण्यात आली. पत्रक कक्षात जमा करण्यात आले. अर्जदार सूचीत पहिला आला.

३. रामाकोन्याच्या अलीकडे, नाल्याच्या वळणावर, कुंभारटोली नावाची वस्ती होती. अर्जदार 'होती' लिहितो आहे याची त्याला जाणीव आहे. तोच या अर्जाचा विषय आहे. संत्रे तोडायला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या लोकांची मातीची घरे. जमीन आबादीची, म्हणजे गावठाणाची, त्यामुळे कुणाच्या हाती मालकीचा पट्टा नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी वर कुठेतरी ढग फुटला आणि एरवी घोटा बुडत नाही तो नाला टोलीत शिरला. मातीची भिंत पडत नाही, महोदया, ती बसते. पायथा भिजतो, मग ती गुडघ्यात वाकते आणि थकलेल्या माणसासारखी खाली टेकते. तेवढ्या वेळात माणसे, शेळ्या, कोंबड्या, बैल आणि धान्याची पोती वरच्या अंगाला निघाली. माणसे शाळेत राहिली. बैल पाव्हण्यांच्या गोठ्यांत गेले. कुणी दगावले नाही. त्याबद्दल अर्जदार अजूनही देवापुढे दिवा लावतो.

अर्जदाराची जेसीबी टोलीतल्या नालीच्या कामासाठी तिथेच, उंचवट्यावर उभी होती. रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, पाण्याखाली गेल्याने दुसरे कुठलेच यंत्र पोचू शकत नव्हते. म्हणून आपल्या कक्षाचा फोन अर्जदारालाच आला. फोनवर सांगितले गेले ते एवढेच: रस्ता मोकळा करा, आणि जेवढे बनेल तेवढे करा.

४. दुसरा दिवस पोळ्याचा. दुपारपर्यंत रपटा उघडा पडला. अर्जदाराने रस्ता तासाभरात मोकळा केला. तिथे तो थांबला असता तर हा अर्ज लिहावा लागला नसता. पण टोलीची माणसे स्वतःच म्हणाली की सगळेच काढा, ढिगाऱ्यातून साप निघून राहिले, पोरे अनवाणी फिरतात. जयवंताबाई, ज्यांचे घर टोलीच्या तोंडाशीच होते आणि ज्यांना धनी जाऊन बरीच वर्षे झाली, त्या पदर खोचून यंत्रापुढे आल्या आणि म्हणाल्या, "काढ बाबू, काढ. मेलेल्या घराचं तोंड किती येळ पाह्यचं?"

अर्जदाराने काढले. त्याला काढता येते. ट्रॉल्या बोरगावच्या अंगाच्या जुन्या मुरूम खाणीत रिकाम्या होत गेल्या. दिवस मावळायच्या आत रवींद्रने बकेटच्या पाठीने जमीन अशी चोपून काढली की तिच्यावर पापड वाळत घालावेत. तेव्हा जयवंताबाईंनी बकेटच्या दातांना हळदकुंकू लावले. त्यांच्या बैलासाठी आणलेले बाशिंग पाण्यातून वाचले होते, ते यंत्राच्या कपाळाला बांधले. "बैल तं पाव्हण्याच्या गोठ्यात हाये. आज काम यानं केलं, पोळा याचाच," असे त्यांचे म्हणणे पडले. शाळेच्या चुलीवरची एक पुरणपोळी बकेटमध्ये ठेवली गेली. ती नंतर रवींद्रने खाल्ली. सगळी टोली हसत होती. अर्जदाराच्या आयुष्यात त्याच्या कामाचे एवढे कौतुक त्याआधी कधी झाले नव्हते.

पाठोपाठ आपले शाबासकीचे पत्र आले (संदर्भ २). त्यात 'स्थळ पूर्णतः निर्मळ' असे शब्द आहेत.

५. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार, दोन काठांवरच्या दगडफेकीची जत्रा. दरसालप्रमाणे सगळा बंदोबस्त, सगळ्या गाड्या आणि पंचनाम्याला लागणारी बहुतेक माणसेही जाम नदीच्या काठी. यात कुणाचा दोष आहे असे अर्जदारास म्हणायचे नाही. आमच्याकडे तो दिवस तसाच असतो. पण त्यामुळे उलटे झाले. आधी पंचनामा, मग सफाई, ही रीत. इथे आधी सफाई झाली आणि मग पंचनाम्याचे पथक आले.

पथकाने मोबाईल काढला. त्यातल्या फॉर्ममध्ये घर अंशतः पडले की पूर्णतः, हे निवडायचे असते आणि पडलेल्या घराचा फोटो जागेवरूनच काढून टाकायचा असतो. पथकप्रमुखांनी चारी बाजूंना पाहिले आणि विचारले, "मकान कहाँ है?"

जयवंताबाई म्हणाल्या, "हे काय जी. तुमी माह्या चुलीवर उभे हा."

साहेब भले होते. त्यांनी पाय उचलून बाजूला ठेवला. पण बाजूला जातेही होते, आणि त्यापलीकडे शेजारच्या सुचिताच्या घराची मोरी होती, आणि असे करत ते पार रस्त्यावर जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी फोटो काढला. फोटोत जमीन आली आणि वर आभाळ आले. मोबाईलने तो फोटो 'पूर्णतः क्षतिग्रस्त' खाली घेतला नाही. त्याने स्वतःच नोंद सुचवली: रिक्त भूखंड.

लोकांनी रेशन कार्डे दाखवली. त्यांवर गावाचे नाव आहे, घराचे नाही. लग्नातले फोटो दाखवले. नवरानवरीच्या मागे भिंत आहे, पण ती कुंभारटोलीतीलच कशावरून, असे विचारले गेले. विजेची मीटर सगळ्यांची रस्त्यावरच्या खांबावर होती आणि खांब अजून उभा आहे. शेवटी पथकाने शेरा मारला. तो शेरा अर्जदारास तोंडपाठ आहे: "स्थळी कोणत्याही घराचे अवशेष आढळले नाहीत. ठेकेदाराच्या क्षमता-पत्रकातील बाब (ई) प्रमाणे, येथे कधी काही होते असे वाटत नाही."

केतकीला हे अजून सांगितलेले नाही.

६. म्हणजे घर पडले याचा पुरावा पडलेले घर हाच होता, आणि तो अर्जदाराने ट्रॉलीत भरून नेला. पुराने घरे पाडली. ती नव्हतीच, असे मात्र अर्जदाराने केले. नवे घर मंजूर व्हायचे तर आधी जुने पडलेले दिसले पाहिजे. म्हणून अर्जदाराने अर्ज केला की मलबा स्वखर्चाने परत नेऊन टाकतो. त्यावर आपल्या कक्षाचे उत्तर आले (संदर्भ ३): एकदा हटवलेला मलबा आबादीत पुन्हा टाकणे हे अवैध मलबा टाकणे ठरते, यंत्र जप्त होईल. शिवाय ठेकेदारांच्या सूचीत मलबा हटवण्याचे शीर्षक आहे, मलबा घालण्याचे शीर्षक नाही.

अर्जदार दुसऱ्या अर्जात म्हणाला की मग नवीन शीर्षक उघडावे. त्याचे उत्तर आले नाही. तिसऱ्या अर्जाची पोच मिळाली.

७. तोवर टोलीच्या बायका खाणीत जाऊ लागल्या होत्या.

हे अर्जदाराने सांगितले नव्हते. तो गेला तेव्हा त्या ढिगाऱ्यावर बसून, गहू निवडावेत तशी, माती निवडत होत्या. घर आपापले, तसा आपापला रंग असतो. दर दिवाळीला भिंतीवर चुन्याचा हात बसतो. चुन्यात कुणी नीळ घालते, कुणी गेरू, कुणी काहीच नाही. पोपडा मोडला की कडेला थर दिसतात. अर्जदाराने संत्र्यांच्या क्रेट पुरवल्या. क्रेटवर नावे आहेत. जिची माती तिच्या क्रेटमध्ये. हे काम शांततेत चालते असे अर्जदार म्हणू शकत नाही. एका निळ्या पोपड्यावरून सुचिता आणि जयवंताबाई यांच्यात जे झाले ते पुराव्यादाखल जसेच्या तसे देतो:

"हा माहा."

"तुहा? तुह्या घरी नीळ कधी लागली व? तुह्या सासूनं साऱ्या जन्मात लुगड्याले नीळ लावली नाई, भिंतीले लावीन?"

"सासू मेली, मी लावली. मांगच्या दिवाळीले."

"मांगच्या दिवाळीची नीळ अशी अस्ते? फोडून पाह्य. खाली हिरवा हाये का?"

फोडले. खाली हिरवा होता. जयवंताबाईंनी पोपडा सुचिताच्या क्रेटमध्ये टाकला आणि म्हणाल्या, "घे. रंगाची हौस तं पाहा हिची, हिरव्यावर निळा!" सगळ्या हसल्या, सुचिताही हसली, आणि मग हसताहसताच ती तोंडात पदर कोंबून ढिगाऱ्याआड गेली. तो हिरवा रंग तिच्या लग्नात लावला होता, असे अर्जदारास दुसऱ्या बाईने सांगितले.

८. (हा परिच्छेद अर्जदाराने लिहून खोडला आहे. त्यात राग होता. रागाचा कक्षाशी संबंध नव्हता.)

९. सुधारित क्षमता-पत्रक. पूर्वीचे रद्द समजावे.

अर्जदार पडलेली भिंत परत पडलेली करू शकतो. रवींद्रने खाणीत सराव केला आहे. नाल्याकडची भिंत आधी बसली आणि घराच्या आत झुकली, म्हणून तिचा ढीग आत रुंद, बाहेर अरुंद. आढे तिच्यावर तिरके. जयवंताबाईंचे आढे सागाचे आहे. ते अर्जदाराच्या वखारीत वेगळे ठेवले आहे. कौले तळाशी ठेवता येत नाहीत, कारण ती सर्वांत शेवटी पडली. चूल जागेवरच राहील, फक्त फुटलेली. प्रत्येक घराची माती त्याच घराच्या जागी जाईल. त्याची हमी बायका देतात आणि त्या एकमेकींना एक ओंजळही सोडत नाहीत हे वर नमूद आहेच.

अर्जदार काय करू शकत नाही: भिंत उभी करणे. ते गवंड्याचे काम आहे. तसेच ढिगाऱ्यावर साप सोडणे. एका भल्या माणसाने तसेही सुचवले होते, म्हणजे अस्सल वाटेल.

हा बनाव नाही, महोदया. बनाव म्हणजे नसलेले दाखवणे. माती तीच, जागा तीच, पाणीही त्याच नाल्याचे. फक्त मधले दिवस अर्जदाराला पुसायचे आहेत, आणि पुसण्यात तो सूचीत पहिला आहे.

१०. घाई का, ते सांगतो.

शेवटचे तपासणी पथक सोमवारी येणार. त्याने 'रिक्त भूखंड' कायम केले की विषय संपला. जागा आठवडी बाजाराला द्यावी असे बोलणे आत्ताच सुरू झाले आहे, कारण एवढी सपाट, एवढी स्वच्छ जागा आसपास दुसरी नाही. शाळेचे हेडमास्तर श्रीकांत गुरुजी वर्ग कडुलिंबाखाली भरवतात आणि कधी एक शब्द बोलत नाहीत, पण परवा पाऊस आला तेव्हा पोरे आणि टोली एकाच व्हरांड्यात दाटीवाटीने उभी होती आणि पाढे शेळीला पाठ होऊ लागले आहेत.

आणि सोमवारीच, त्याच जागेवर, मंडप घालून अर्जदाराचा सत्कार ठेवला आहे. आपत्तीनंतर जलद सफाईचे उदाहरण म्हणून. शाल, नारळ आणि स्मृतिचिन्ह. पथकाच्या हस्ते. म्हणजे जयवंताबाईंच्या चुलीवर उभे राहून अर्जदाराने हार घालून घ्यायचा आणि टाळ्या वाजत असतानाच तिथे घर नव्हते हे कायम व्हायचे.

जयवंताबाईंना कुणीतरी हे सांगितले. तेव्हापासून त्या शाळेतून खाट घेऊन आल्या आहेत आणि आपल्या घराच्या जागी, मधोमध, छत्री उघडून बसल्या आहेत. अर्जदार काल गेला. त्यांच्या अंगात ताप होता. गाडीत बसा, सौंसरला डॉक्टरकडे नेतो, असे त्याने पुष्कळ विनवले.

"मी उठली का इथं मंडप टाकतीन," त्या म्हणाल्या.

"नाई टाकत, मावशी. मी टाकू देत नाई."

"तू काय करतं बापू? तुह्याच सत्काराचा मंडप हाये तो." मग छत्रीच्या दांडीकडे पाहत, "सोमवारी घट बस्तेत. मी कोठं बसवू ते सांग. मैदानात घट बस्ते का?"

अर्जदाराने छत्रीला दोरी बांधली, वाऱ्याने उडू नये म्हणून, आणि आला. जयवंताबाईंनी त्याला एकदाही शिवी दिलेली नाही. दिली असती तर बरे झाले असते.

११. परवानगी देणे नियमात बसत नसेल, तर अर्जदाराचा पर्यायी प्रस्ताव आहे. खाणीतला मलबा 'हटवलेला' आहे म्हणून परत टाकता येत नाही, हे त्यास मान्य. पण जो मलबा अजून हटवलेला नाही, किंबहुना अजून मलबाच झालेला नाही, त्याला ती अडचण लागू नसावी. अर्जदाराचे पांढुर्ण्यातील राहते घर अर्धे मातीचे आहे. मागची बाजू, स्वयंपाकघर आणि न्हाणी. ती बाजू पाडून तो मलबा कुंभारटोलीत नेण्यास अर्जदार तयार आहे. पथकाला अवशेष पाहायचे आहेत, मिळतील. ताजे मिळतील.

या कामी सौ. छाया यांची संमती घेतली आहे. ती लेखी जोडली आहे. तोंडी संमती अशी: "पाडा. पन आधी माह्ये डबे काढू द्या, अन् लोणच्याची बरणी. आन् मोकळ्या केलेल्या मोरीचं काय करता ते बी सांगा." त्यानंतर त्या बराच वेळ भिंतीशी उभ्या होत्या. मग त्यांनी स्वतःच डबे उतरवायला सुरुवात केली. हा अर्ज लिहिला जात असताना ते डबे अंगणात आहेत.

दुसऱ्याच्या घराची माती जयवंताबाईंना चालेल का, हे अर्जदाराने त्यांना विचारलेले नाही. विचारायचे धाडस झाले नाही. त्यांना कडेचे थर लगेच दिसतील.

१२. सबब नम्र विनंती:

मलबा परत पाडून ठेवण्यास सोमवारपूर्वी परवानगी द्यावी. एक ओळ पुरेल. सही पुरेल. आपण दालनातून नुसती मान हलवलीत तरी बाहेरच्या बाकावरून दिसते.

ते नसेल तर, सोमवारी पथकाबरोबर आपण स्वतः यावे आणि गाडीतून उतरण्यापूर्वी खाणीत फक्त दहा मिनिटे थांबावे. क्रेट दिसतील. बायका दिसतील. त्यांच्यापैकी कुणालाही तिचे घर विचारावे; ती हातात घेऊन दाखवेल.

तेही नसेल तर अर्जदारास सूचीतून काढावे, शाल परत घ्यावी आणि त्याच्या नावापुढे 'अक्षम' असे लिहावे. मग त्याने काढले ते नीट काढले नाही, असे म्हणता येईल. जे नीट काढले नाही ते थोडेतरी तिथे शिल्लक असणार. आणि जे शिल्लक आहे ते घर होते. अर्जदाराने हे रात्रभर उलटसुलट करून पाहिले आहे. यात चूक असेल तर ती त्याच्या अकलेची आहे, टोलीची नाही.

आणि काहीही ठरले तरी, कुणीतरी सरकारी गाडीने जाऊन जयवंताबाईंना डॉक्टरकडे न्यावे. सरकारी माणूस खाटेवर बसून राहीन म्हणाला तरच त्या उठतील. अर्जदार बसतो म्हणाला होता. त्याच्यावर आता कुणाचा भरवसा नाही.

आपल्या उत्तराची वाट दालनाबाहेरच पाहणारा, आपला नम्र,

मोरेश्वर य. सांबारे
(ठेकेदार, तूर्त फक्त मलबा घालण्यासाठी उपलब्ध)

स्थळ: सौंसर, कक्षाबाहेरील बाक
दिनांक: २० सप्टेंबर, शनिवार

सोबत जोडले:

शाबासकीचे पत्र, मूळ प्रत, परत.

क्षमता-पत्रक, बाब (ई) वर काट मारली आहे, तरी ती वाचता येते याबद्दल दिलगीर.

सौ. छाया यांचे संमतिपत्र, डब्यांच्या अटीसह.

जयवंताबाईंच्या क्रेटमधील निळा पोपडा, तळहाताएवढा, कागदात गुंडाळून. परत मिळावा, त्यांनी मोजून दिला आहे.

अर्जदाराचा पांढरा शर्ट. पाठीवरील डाग पोपड्याशी ताडून पाहावा.

ज्या दिवशी पाणी आले त्या दिवशी सकाळी अर्जदार जयवंताबाईंच्या ओसरीत भिंतीला पाठ टेकून बसला होता, आणि तिथे त्याने चहा घेतला होता.